यवतेश्वर घाटाच्या हाफला नवे शूज घालावेत का? हातात १६ दिवस

गोडोलीकर | शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाची हाफ (२१ किमीची हाफ मॅरेथॉन) १६ दिवसांवर आली आणि शूजचं काही ठरत नाहीये. माहिती आधीच देऊन टाकतो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

जुने: ॲपमध्ये ७२० किमी, ड्रॉप (टाच चवड्यापेक्षा जेवढी उंच ते) १० मिमी.
नवे: दुसऱ्या कंपनीचे, ड्रॉप ६ मिमी, टाचेखाली ३६ मिमी फोम, कार्बन प्लेट (फोममध्ये बसवलेली कडक पट्टी) नाही. अजून खोक्यातच आहेत.
दोन्ही यूके ८. वजन ७८ किलो. अडीच तासांत संपवायची आहे.

रस्ता सगळ्यांना माहीत आहे. समर्थ मंदिराच्या पुढे जो चढ लागतो तो लागतोच, आणि परत येताना तेवढाच उतार. वर धुकं आणि भुरभुर धरूनच चाला. नवे की जुने?

सरळधोपट | शुक्रवार, रात्री ९:१८

जुने. रेसच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. धागा बंद करा.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९:३१

धागा कशाला बंद करताय राव, आत्ता तर उघडलाय. ७२० किमी झालेला शूज घेऊन उतारावर जाणं हाही धोकाच की. रोजच्या सरावाचे शूज साधारण ५०० ते ८०० किमी चालतात. ७८ किलो वजनाला ते अलीकडच्याच टोकाला संपतात.

घाटवाट | शुक्रवार, रात्री १०:०५

‘रेसला नवीन काही नाही’ हा नियम बरोबरच आहे. पण नवीन कशाला म्हणायचं ते कुणी सांगत नाही. कपाटात वर्षभर पडून पाच किमी पळालेला शूज नवाच असतो. आणि दोन आठवड्यांत ३०-३५ किमी झाले, त्यात दोनदा घाट उतरून झाला, तर तो शूज नवा राहत नाही. १६ दिवसांत एवढं सहज होतं.

पण आधी जुन्यांचा पंचनामा करा. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका.

दोन्ही शूज टेबलावर शेजारी ठेवा, खाली वाका, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि मागून बघा. टाचेमागची उभी शिवण सरळ उभी आहे का? दोन्ही शूज एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखे दिसले तर आतल्या बाजूचा फोम बसला. बाहेर कलले असतील तर बाहेरचा. मग बाजूने बघा. मिडसोलवर (तळव्याच्या रबरावरचा फोमचा थर) आडव्या बारीक सुरकुत्या पाय आत नसतानाही दिसत असतील तर तो फोम आता परत फुगत नाही. नंतर शूज उलटा करून टाचेचा बाहेरचा कोपरा तपासा, रबर झिजून आतला फोम उघडा पडलाय का. आणि शेवटी हात आत घालून टाचेच्या अस्तरावरून बोट फिरवा. कापड फाटून आतला कडक कप बोटाला लागतोय का?

हे शेवटचं कुणी बघत नाही, आणि घाट उतरताना टाच सोलवटते ती तिथेच.

गोडोलीकर | शुक्रवार, रात्री १०:४०

बघितलं. शिवण दोन्हींची किंचित बाहेर कललेली. डाव्याच्या टाचेला बाहेरच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा फोम दिसतोय. उजव्याचं अस्तर बोटाच्या पेराएवढं फाटलंय आणि आत टणक लागतंय.

घाटवाट | शुक्रवार, रात्री १०:५२

मग जुन्यांचा आग्रह सोडा. उघडा फोम कोरड्या डांबरावर चालून जातो. ओल्या डांबरावर, आणि त्यातही रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर, तो साबणासारखा सरकतो. उतारावर पहिली टेकते ती टाचच, आणि तुमची टाच नेमकी तिथेच बोडकी झालीय.

सरळधोपट | शुक्रवार, रात्री ११:०२

फाटक्या अस्तरावर टेप मारला की झालं. ७२० किमी ज्यांनी साथ दिली त्यांना २१ किमीसाठी सोडायचं?

घाटवाट | शुक्रवार, रात्री ११:०९

अस्तरावरचा टेप पाणी आणि घाम लागला की कडेने सुटतो, गोळा होतो आणि त्या गोळीचाच फोड येतो. टेप लावायचाच तर कातडीवर लावा. बाकी साथीचं म्हणाल तर लग्न नाहीये हो हे.

पोटरीपुराण | शनिवार, सकाळी ६:२०

माझा प्रश्न फोमचा नाही, ड्रॉपचा आहे. १० वरून ६ म्हणजे टाच ४ मिमी खाली. सपाटीवर बहुतेकांना आठवड्याभरात सवय होते. घाटात गणित बदलतं.

टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर साधारण १८ सेमी धरा. ६ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर चालल्यावर ६ मीटर वर. अशा चढावर पाऊल पूर्ण टेकलं तर टाच चवड्यापेक्षा सुमारे ११ मिमी खाली जाते (१८० गुणिले ०.०६). १० मिमी ड्रॉपच्या शूजमध्ये टाच आणि चवडा जवळपास एका पातळीत येतात. ६ मिमीच्या शूजमध्ये टाच चवड्याखाली ५ मिमी जाते. म्हणजे पोटरी आणि टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते, आणि असं कित्येक किलोमीटर, न थांबता.

म्हणून नवे शूज घ्यायला हरकत नाही, पण नुसते सपाटीवर पळवून ‘सवय झाली’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे आखडल्यासारखं वाटलं तर एक दिवस विश्रांती. चालून दहा मिनिटांत गेलं तर ठीक. दिवसभर राहिलं किंवा ती शीर चिमटीत धरल्यावर दुखली, तर या रेसपुरता ६ मिमीचा विषय संपला.

आजपासून जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाचा वर-खाली, १२ चे ३ सेट, एक दिवसाआड. टाच पायरीच्या खाली जाऊ द्या आणि खाली येताना मोजून तीन सेकंद घ्या. रेसच्या आधीचे पाच दिवस बंद.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ७:१५

हा ११ मिमीचा हिशोब लय भारी. असा कधी विचारच केला नव्हता.

चाफळरोड | शनिवार, सकाळी ८:०३

एक मूलभूत गोष्ट राहिली. ‘दोन्ही यूके ८’ याला काही अर्थ नाही. एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ८ यांत अर्ध्या नंबरचा फरक सर्रास असतो. दोन्ही शूजमधले इनसोल (पायाखालची आतली गादी) बाहेर काढा आणि एकावर एक ठेवा. लांबी तर कळतेच, पण चवड्याजवळची रुंदीही कळते, आणि घोळ बहुतेक तिथेच असतो.

मग नव्याचा इनसोल जमिनीवर ठेवून, रेसचेच मोजे घालून त्यावर उभे राहा. संध्याकाळी करा, सकाळी नको. दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो, तसाच तो रेसमध्येही होतो. सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचं असू शकतं) १ ते १.२ सेमी मोकळं हवं. सपाटीच्या १० किमीला ०.७ वर भागतं. उतारावर पाय शूजमध्ये पुढे सरकतो, नख पुढच्या भिंतीवर आपटत राहतं आणि रेसनंतर दोन दिवसांनी अंगठा काळानिळा होतो.

इनसोल परत घालताना तो खाली चिकटवलेला आहे की नुसता ठेवलेला, तेही बघा. सुटा असेल तर ओला झाल्यावर सरकू शकतो. २०१५ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या किपचोगेचे दोन्ही इनसोल शूजमधून मागे बाहेर आले होते, टाचेजवळ लोंबत होते. गडी तसाच पळाला आणि २:०४:०० मध्ये जिंकला, पण पायाची सालटं निघाली. शूज अगदी नव्या जातीचे होते.

सरळधोपट | शनिवार, सकाळी ८:२०

बघा! मी काय म्हणत होतो?

चाफळरोड | शनिवार, सकाळी ८:२६

तुमच्या बाजूने अजून एक पुरावा देतो मग. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला ऐनवेळी दिलेले शूज पायाला नीट बसेनात, तर तो अनवाणी पळाला आणि सुवर्ण घेऊन आला. पण १९६४ ला टोकियोत तोच शूज घालून पुन्हा जिंकला, हेही लिहून ठेवा. मुद्दा नवेपणाचा नाहीये, बसण्याचा आहे.

गोडोलीकर | शनिवार, रात्री ८:१५

मोजलं. नव्याचा इनसोल जुन्यापेक्षा ३ मिमी लांब, चवड्यात तेवढाच रुंद. बोटापुढे १.१ सेमी. इनसोल खाली हलका चिकटवलेला आहे.

घाटवाट | शनिवार, रात्री ८:४०

मग बसण्याची परीक्षा पास. आता वेळापत्रक.

आज रात्री घरातच ४० मिनिटं. रेसचे मोजे, लेस पूर्ण बांधून, फरशीवर चाला, जिना चढा-उतरा. तळवे कोरे राहिले पाहिजेत, कारण कुठे टोचलं तर दुकानदार अजून परत घेईल. डांबराला लागला की घेणार नाही.

उद्या रविवारी शेवटची मोठी रन, १६-१८ किमी, ती जुन्यांवर. नव्यांवर लाँग रनने सुरुवात करायची नाही.
सोमवारी नव्यांवर ४ किमी, सपाट, सावकाश.
बुधवारी ६ किमी. शेवटचे दोन रेसच्या वेगाने.
शुक्रवारी घाट. ३ वर, ३ खाली.
पुढच्या रविवारी १२ किमी, त्यात किमान ५ किमी उतार, आणि जमलं तर पावसात.
त्यानंतरच्या बुधवारी ५ किमी. मग शूज कपाटात.

एकूण ३३ किमी. मधल्या दिवशी पळायचं असेल तर जुने घाला किंवा पळूच नका.

घाटातल्या सरावाबद्दल एक. सप्टेंबरात कासची गर्दी असते, रविवारी तर बघायलाच नको. सात वाजायच्या आत खाली या. समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या कडेने पळा. पण अगदी कडेला रस्ता गटाराकडे कललेला असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा मधल्या सपाट भागात या. नाहीतर उजवी टाच दुखली म्हणून शूजला दोष द्याल आणि दोष रस्त्याचा असेल.

उतार उतरताना वळणाच्या आतली बाजू टाळा. पावसाने वाहून आलेली बारीक खडी तिथेच साचते. कठड्याच्या बाजूला शेवाळ. आणि नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर घासला जाईपर्यंत पकड जरा कमीच असते, म्हणूनच आधीचे दहा किमी सपाटीवर ठेवलेत.

मिरजजंक्शन | शनिवार, रात्री ९:२२

आम्ही सांगली-मिरजेचे काय करायचं? आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:३०

दंडोबा आहे की! सकाळी लवकर जा, डांबरी रस्त्याने वर, त्याच रस्त्याने खाली. ते जमत नसेल तर उड्डाणपुलाच्याच उताराचा भाग धरून १०-१२ फेऱ्या, पण फक्त खाली येताना वेगाने, वर चालत जायचं. पायऱ्या उतरून ही परीक्षा होत नाही. पायरीवर पाऊल आडवं पडतं, उतारावर तिरकं. बोटं पुढे जातात ती तिरक्या पावलामुळे.

पहिलीच_हाफ | रविवार, सकाळी ११:१०

धाग्यात घुसतोय, माफ करा. मला भावाने त्याचे कार्बन प्लेटचे शूज दिलेत, दोनदाच वापरलेले. तेवढ्यावर घाटाची हाफ पळू का? वेळ २:४० च्या आसपास.

पोटरीपुराण | रविवार, दुपारी १२:०५

नको. कोलोरॅडो विद्यापीठातल्या ज्या अभ्यासामुळे प्लेटच्या शूजचा ‘४ टक्के फायदा’ (पळायला तेवढी ऊर्जा कमी लागते) हे सगळीकडे झालं, तो ताशी १४, १६ आणि १८ किमी वेगावर, ट्रेडमिलवर, सपाट केला होता. तुमचा वेग ताशी ८ किमीच्या आसपास. तेवढा फायदा तुमच्या वाट्याला येईलच असं धरू नका. तोटा मात्र पूर्ण येतो. उंच मऊ फोम आणि अरुंद टाच, त्यामुळे घाटाच्या वळणावर घोटा डळमळतो. प्लेट कडक असल्याने चवडा नीट वाकत नाही आणि चालत चढताना (२:४० ला घाटात चालणं येतंच) पाय लाकडी फळीवर ठेवल्यासारखा वाटतो. शिवाय दुसऱ्याच्या पायाला दबलेला फोम तुमच्या पायाला तसा बसेलच असं नाही. भावाला पेढे द्या, शूज परत करा.

शाहूपुरीची_पहाट | रविवार, दुपारी ४:३०

सगळे शूजवर बोलताय, मोज्यांवर कुणीच नाही. फोड शूज आणि पाय यांच्या भांडणातून येतो आणि मोजा मधला मध्यस्थ.

सुती मोजा नको. सुती कापड पाणी पितं आणि धरून ठेवतं. ओली कातडी मऊ पडते, ओल्या कापडाला चिकटते. हाड आत हलतं, वरची कातडी जागेवरच राहते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत पाणी भरतं, तोच फोड. पॉलिस्टर-नायलॉनचे, टाच आणि बोटं वेगळी विणलेले, उजवा-डावा खूण असलेले मोजे घ्या. नवे असतील तर दोनदा धुऊन घ्या, सॉफ्टनर न घालता. आणि रेसचा मोजा जाडीने सरावाच्याच मोज्यासारखा हवा. जाड मोजा घातला की चाफळरोड यांनी मोजायला लावलेला १.१ सेमी कमी होतो.

नखं रेसच्या तीन-चार दिवस आधी कापा, सरळ, कोपरे खोल न घेता. आदल्या रात्री कापलं तर कोपरा टोचतो आणि तो बोथट व्हायला वेळ मिळत नाही.

पहाटे बोटांच्या फटीत आणि टाचेच्या मागे व्हॅसलिनचा पातळ हात. पातळ म्हणजे चमक दिसेल एवढाच. जास्त झालं तर पाय मोज्यात घसरतो आणि उतारावर तेच नको असतं. जिथे टेप लावणार तिथे व्हॅसलिन नाही. मेडिकलमधला मायक्रोपोर पावसात फार टिकत नाही, झिंक ऑक्साइडचा कापडी टेप मिळाला तर तो घ्या. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कोरड्या कातडीवर लावा, हाताने अर्धा मिनिट दाबून धरा.

आणि सरावात कुठे चटका बसल्यासारखं गरम लागलं की तिथल्या तिथे थांबून बघा. पुढच्या नळापर्यंत जाऊ म्हटलं की नळापर्यंत फोड होतो.

गोडोलीकर | रविवार, संध्याकाळी ६:००

धन्यवाद ताई. मोजे सुतीच होते. बदलतो.

राजपथ_ते_राजवाडा | सोमवार, रात्री १०:२०

लेस बांधायची पद्धत कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शूजला सगळ्यात वर, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. ते शोभेला नाही.

शेवटून दुसऱ्या भोकातून लेस बाहेर आल्यावर ती समोरच्या बाजूला नेऊ नका. त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला. दोन भोकांमध्ये बाहेर एक छोटी कडी राहील, बोट जाईल एवढी. दुसऱ्या बाजूला तसंच. आता डावीचं टोक उजव्या कडीतून आणि उजवीचं डाव्या कडीतून ओवा. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग दोन्ही टोकं वर न ओढता मागे, घोट्याच्या दिशेने खाली ओढा. कड्या आवळतात आणि घोट्याभोवती मूठ धरल्यासारखं होतं. मग नेहमीची गाठ. पाय पुढे सरकणं यानेच कमी होतं. यात प्रत्येक बाजूची लेस दोन-तीन इंच खर्च होते, आखूड पडली तर लांब लेस आजच आणा.

आता गाठ. पाकळ्या शूजला आडव्या पडल्या तर गाठ बरोबर. बोटं-घोटा अशा उभ्या फिरत असतील तर ती चुकीची गाठ आहे आणि सुटणारच. उपाय सोपा: पहिला अर्धा वेढा सध्या घेता त्याच्या उलट बाजूने घ्या, बाकी सगळं तेच. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या अभियंत्यांनी धावत्या माणसाच्या लेसचं चित्रण करून हे तपासलं होतं. पाऊल आपटताना बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सात पट असतो, त्याने गाठ सैल होते. त्याच वेळी लेसची टोकं चाबकासारखी फिरून तिला ओढतात. म्हणून टोकं लांब लोंबू देऊ नका. दुहेरी गाठ मारून पाकळ्या आणि टोकं खालच्या लेसखाली खोचा.

सरळधोपट | सोमवार, रात्री १०:३१

हे मात्र कामाचं. इतकी वर्षं ते भोक कशाला असतं ते कळलं नव्हतं.

गोडोलीकर | शुक्रवार, सकाळी ९:४५

नोंद देतो.
सोमवार ४, बुधवार ६: काही त्रास नाही.
आज घाट, ३ वर ३ खाली, रस्ता ओला. टाच जागेवर. बोटं आपटली नाहीत. पोटरी सकाळी उठताना आखडलेली, चालून पाच मिनिटांत मोकळी, मग चढावर भरली.
एक तक्रार: उतरताना उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, लेसखाली, मुंग्या आल्या. शूज काढल्यावर दोन मिनिटांत गेल्या. शूज आता पूर्ण भिजलेत.

राजपथ_ते_राजवाडा | शुक्रवार, सकाळी १०:०२

लेस तिथे वरून दाबतेय. पायाच्या पाठीवर जिथे हाड वर आलंय, त्याच्या समोरची एक फुली वगळा. म्हणजे त्या जागी लेस समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूने वरच्या भोकात सरळ न्या. वर आणि खाली फुल्या नेहमीसारख्या, घोट्याची कडी तशीच राहू द्या. सगळी लेस सैल करू नका, त्याने मुंग्या जातील पण बोटं पुढे आपटायला लागतील.

शाहूपुरीची_पहाट | शुक्रवार, सकाळी १०:३०

भिजलेले शूज: इनसोल आणि लेस काढून वेगळे. आत वर्तमानपत्राचे बोळे, बोटांपर्यंत ठासून. तासाभराने बदला, मग दोन-दोन तासांनी. तीन-चारदा झालं की पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ, हीटरपुढे किंवा गाडीच्या काचेमागे उन्हात नाही. उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम आकसतो. या हवेत एका दिवसात पूर्ण वाळत नाहीत, म्हणून रेसच्या आदल्या दोन दिवसांत भिजवू नका.

पहिलीच_हाफ | शुक्रवार, सकाळी ११:१५

वॉशिंग मशिनमध्ये टाकून ड्रायर लावला तर?

शाहूपुरीची_पहाट | शुक्रवार, सकाळी ११:१८

वरचंच परत वाचा बाळा.

गोडोलीकर | रविवार, दुपारी १:२०

१२ किमी झाले, ५.५ उतार, अर्धा वेळ पाऊस. फुली वगळल्यावर मुंग्या नाहीत. फोड नाही. डाव्या करंगळीला बाहेरून किंचित लाल.

घाटवाट | रविवार, दुपारी २:०५

करंगळीला रेसच्या दिवशी टेप. बाकी नवे शूज ठरले. शेवटचा बुधवार ५ किमीचा तेवढा ठेवा, तोही टेप लावूनच, म्हणजे टेपची जाडी शूजमध्ये मावते का ते कळेल. बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घ्यायला जाल तिथे स्टॉलवर नवा इनसोल, नवा मोजा, जे काही स्वस्तात मिळेल ते घेऊन या, पण रविवारी घालू नका. आयोजकांचा टी-शर्टसुद्धा नाही. नव्या कापडाची शिवण काखेत काय करते ते वेगळ्या धाग्यात.

गोडोलीकर | रविवार, दुपारी २:१२

शूजवर चिखल आहे. धुवू का?

घाटवाट | रविवार, दुपारी २:१५

नाही. वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशने झाडा. तळव्याच्या खाचांत अडकलेली खडी तेवढी काडीने काढा. आणि लेस शनिवारी संध्याकाळीच उजेडात ओवून ठेवा, कडी, वगळलेली फुली, सगळं. पहाटे चारला ट्यूबलाइटखाली ते उलटं होतं.

सरळधोपट | रविवार, दुपारी २:४०

बरं, घाला नवे. पण जुने पिशवीत राहू द्या. संपल्यावर भिजक्या शूजमध्ये घरापर्यंत चालणार आहात का?